बहुमताने सातारा

सिकंदर शिकलगाराविषयी लिहायला बसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, पन्नास वेळा सांगून झालंय, आता पुरे करा. पण ज्यांना सांगितलं ते सगळे मान हलवतात, 'अरेरे' म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. म्हणून म्हटलं, एकदा कागदावर उतरवून टाकू, म्हणजे मन तरी शांत होईल. होईल असं काही वाटत नाही, पण बसलोय खरा.

सिकंदर सांगलीचा. मारुती चौकाच्या मागच्या बोळात त्यांचं दोन खणांचं घर, आणि पुढच्या ओट्यावर धार लावायचं चाक. गावातल्या सुऱ्या, कात्र्या, विळ्या, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे, सगळं त्यांच्याकडं यायचं. बाप दगडाची भुकटी नाकातोंडात जाऊन सदा खोकत असायचा. आई मेहरुनबी वाकळा शिवायची. सिकंदर आठव्या वर्षापासून पायानं ते चाक फिरवत होता, त्यामुळं त्याच्या मांड्या अशा घट्ट झाल्या होत्या की चौघांनी धरला तरी चौघांना घेऊन मधल्या रेघेपर्यंत यायचा. आणि दम तर विचारूच नका. एकदा 'हुतुतू' सुरू केलं की समोरचे सात गडी घामाघूम व्हायचे, ह्याचा आवाज आपला एकसारखा. हे मी मित्र म्हणून वाढवून सांगत नाही. ज्यांनी त्याला खेळताना बघितलं ती माणसं अजून हयात आहेत.

मी कुंडलचा, शेतकऱ्याचा पोरगा. सांगलीच्या एका नव्या कॉलेजात शिकत होतो. कॉलेज म्हणजे काय, भाड्याच्या सहा खोल्या, मागं एक पटांगण आणि पुढं लांबलचक नाव. सिकंदर माझ्याच वर्गात. शिकलगारांच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजात आलेला हा पहिलाच. त्याला तिथं आणला तात्यांनी.

तात्या सोहोनी कॉलेजात हेडक्लार्क होते, आणि हौसेनं जिमखान्याचं काम बघायचे. धोतर, काळी टोपी, बारीक आवाज. स्वतः कधी हुतुतू खेळले नसतील, पण खेळाचं वेड असं की जेवण विसरायचे. वस्तऱ्याला धार लावायला गेले असताना त्यांनी सिकंदरला बोळातल्या पोरांत खेळताना बघितलं, आणि आठवड्याभरात त्याच्या बापापुढं जाऊन बसले. पोराला शिकू द्या, फी माफ करून घेण्याचं माझ्याकडं लागलं, असं म्हणाले. बाप हो म्हणेपर्यंत ओट्यावरून उठले नाहीत. सिकंदर त्यांना देव मानायचा. मीही मानायचो. आता लिहितानासुद्धा जिभेला कडू लागतंय.

तात्यांची एक पद्धत होती. सामना संपला की ते पटांगणातल्या दगडी रुळावर उभे राहायचे आणि गुणांची वही मोठ्यानं वाचायचे. कोणी किती गडी मारले, कोण कितीदा बाद झाला, कोणाची पकड सुटली, सगळं सगळ्यांच्या समोर. पुढच्या सामन्याचे सात गडीही तिथंच, कारणासकट सांगायचे. मला एकदा त्यांनी भर पटांगणात वगळलं. 'सिद्धू, तुझ्या तीन पकडी सुटल्या, तू बस.' मला राग आला, पण बोलायला जागा नव्हती, कारण तीन पकडी खरंच सुटल्या होत्या. सारखं म्हणायचे, जे काय आहे ते पटांगणात, मागं काही नाही.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या पाच संघांची साखळी झाली. दोन कॉलेजं आणि शिक्षकांची तीन ट्रेनिंग कॉलेजं. प्रत्येकाचे आठ सामने. आम्ही सात जिंकले. साताऱ्यानं पाच जिंकले, तीन हरले, आणि त्या तिन्हींतले दोन आमच्याकडून. दुसऱ्या वेळी तर आम्ही त्यांच्यावर लोण चढवला, म्हणजे त्यांचे सगळेच्या सगळे गडी बाद केले. साखळी संपली की फेब्रुवारीत पुण्याला सगळ्या प्रांताचे सामने व्हायचे, आणि आमच्या भागातून एकच संघ जायचा. आता जो आठातले सात जिंकला तो जाणार, ह्यात विचारायचं काय होतं?

पण विचारलं जायचं. साखळीतल्या पहिल्या दोन संघांची नावं निवड मंडळापुढं जायची, आणि 'सर्व बाबी लक्षात घेऊन' मंडळ एकाला पाठवायचं. ह्या सर्व बाबी म्हणजे कोणत्या, ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

मंडळ तिघांचं. कराडचे लालासाहेब वकील अध्यक्ष, पाचगणीच्या एका शाळेत खेळ शिकवणारे गुप्ते मास्तर, आणि आमचे तात्या. बैठक लालासाहेबांच्या घरी कराडला. आणि मत द्यायची रीत कशी, तर पानाच्या तबकातून प्रत्येकानं एक सुपारी आणि एक लवंग घ्यायची. सुपारी म्हणजे साखळीतला पहिला संघ, लवंग म्हणजे दुसरा. वर उपरणं टाकलेला तांब्या फिरायचा. उपरण्याखाली हात घालून जे टाकायचं ते तांब्यात टाकायचं, उरलेलं तोंडात. सुपारी पडली की टण् वाजेल आणि कळेल, म्हणून तांब्यात तळाला मूठभर तांदूळ घालायचे. एवढी काळजी! आधी चर्चा नाही, नंतर विचारणा नाही. कशासाठी? तर वाईटपणा नको. ह्यानं आमच्या पोरांना पाडलं असं उद्या कोणी म्हणायला नको. सगळ्यांना ही रीत फार सभ्य वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

सिकंदरला पुण्याला जाणं किती गरजेचं होतं ते सांगतो. मुंबईला व्यायामशिक्षकांचा एक वर्षाचा वर्ग निघाला होता. तो पास झाला की सरकारी शाळेत नोकरी. अर्जात एक रकाना होता, प्रांताच्या सामन्यात खेळल्याचा दाखला जोडावा. असा दाखला असलेल्यांना आधी घेणार. बापाच्यानं आता चाक होत नव्हतं, त्यामुळं सिकंदरचं कॉलेजचं हे शेवटचंच वर्ष. पुण्याला गेला तर मास्तर, नाही गेला तर ओट्यावर. त्यानं अर्ज आणून ठेवला होता, नाव-गाव सुंदर अक्षरात भरलं होतं, फक्त तो रकाना मोकळा होता.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं तात्यांबरोबर कराडला गेलो. तात्या वाटेत खुशीत होते. गुप्ते मास्तरांनी आमचा खेळ बघून पाठ थोपटली होती, लालासाहेब तर सिकंदरला भर मैदानात म्हणाले होते की असा गडी मी दहा वर्षांत बघितला नाही. तात्या बैठकीला आत गेले आणि आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसलो. सिकंदर पुण्याला कोणता संघ कसा खेळतो ते सांगत होता. त्याची चौकशी करून झाली होती.

दुपारी परत आलो तर लालासाहेबांच्या ओसरीच्या खांबावर कागद डकवलेला. 'पुणे येथील सामन्यांकरिता बहुमताने सातारा संघाची निवड करण्यात आली आहे.' मी तो तीनदा वाचला. सिकंदरनं एकदाच वाचला आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तात्या बाहेर आले ते उपरण्यानं तोंड पुसत. आमच्याकडं न बघता म्हणाले, चला, गाडी चुकेल.

बहुमताने. म्हणजे दोन विरुद्ध एक. ते एक कोणाचं, हे आम्हाला कोणी सांगायची गरजच नव्हती. मला तात्यांचीच दया आली. बिचारे एकटे पडले, दोन बड्यांच्या पुढं ह्या हेडक्लार्कचं काय चालणार, असं मनात म्हणत मी त्यांची पिशवी हातात घेतली.

आता जे सांगतो ते नीट ऐका. गाडीत आम्ही तिघंच एका बाकावर होतो. त्या हिवाळ्यात पेपरात रोज बंगालच्या आणि बिहारच्या हिंदू-मुसलमान दंगलींच्या बातम्या असायच्या. साताऱ्याच्या सामन्यात गर्दीतून कोणीतरी सिकंदरच्या नावावरून घाण ओरडलंही होतं. साताऱ्याच्या पोरांनीच त्याला गप्प बसवलं, पण सिकंदरच्या कानावर जायचं ते गेलंच होतं. ताकारी गेलं, किर्लोस्करवाडी गेलं. मग त्यानं विचारलं.

'आवं तात्या, एक खरं सांगा. माज्या नावामुळं झालं का ह्ये?'

तात्यांनी मांडीवरची गुणांची वही उघडली, मिटली. खिडकीबाहेर बघितलं. आणि म्हणाले, 'जाऊ दे रे सिकंदर. आता त्याचं काय.'

बस्स, एवढंच. सिकंदरनं मान खाली घातली. त्याला उत्तर मिळालं. मलाही मिळालं. ज्या माणसानं जन्मभर कारण भर पटांगणात सांगितलं तो आज सांगत नाही, म्हणजे कारण सांगण्यासारखं नसणार, असंच आम्ही दोघांनी धरलं. सांगलीला उतरल्यावर सिकंदर तात्यांच्या पाया पडला. तुमी माज्यासाठी भांडला असाल, ठावं हाय मला, असं म्हणाला. आणि तात्यांनी पाया पडून घेतलं.

सातारा पुण्याला गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला. त्यात त्या पोरांचा काही दोष नाही.

सिकंदरनं अर्ज पाठवलाच नाही. मी भांडलो. म्हटलं, दाखला नसला म्हणून काय झालं, दुसऱ्या यादीत तरी घेतील. तो म्हणाला, तितंबी नाव वाचूनच घेत्यात. आणि तो कागद माझ्या हातात दिला, म्हणाला, ह्यावरचा पत्ता बघ आनि तसलाच दुसरा अर्ज मागवून तू भर. मी मागवला आणि भरला. दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं, वर्ग पास झालो आणि कराडला मास्तर झालो. म्हणजे मी आज जी भाकरी खातो ती त्याच्या ताटातली आहे. हे मला कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

तो ओट्यावर बसला. अंगातला खेळ जागच्या जागी मेला. कॉलेजच्या पटांगणावरून जाताना तो वळसा घालून दुसऱ्या गल्लीनं जायचा. पोरं बोलवायला आली की हातातलं काम दाखवायचा. खळखळून हसणं असायचं ते गेलं आणि कोणी नवं माणूस बोलायला आलं की हा आधी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा, ह्याच्या मनात काय असेल म्हणून. शेजारपाजारी तीच माणसं होती, तसंच वागत होती, पण ह्याचा विश्वासच उडाला होता.

अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीअखेर आमच्या भागात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बामणांची घरं पेटली. तात्यांचंही जळालं. तात्या, त्यांची बायको आणि म्हातारी आई अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली, आणि त्यांना हाताला धरून कोणी नेलं, तर सिकंदरनं. पाच दिवस ती माणसं शिकलगारांच्या आतल्या खणात राहिली. मेहरुनबीनं कुंभाराकडून नवी मडकी आणली, कोरा शिधा दिला, वेगळी चूल मांडून दिली आणि स्वतः तिकडं फिरकली नाही, तात्यांच्या म्हाताऱ्या आईला संकोच नको म्हणून. सिकंदर दारात बसून होता. पाच दिवस आणि पाच रात्री. त्या पाच दिवसांत तात्यांना तोंड उघडायला एक घटका मिळाली नाही का? मिळाली असणार. नाही उघडलं.

मला कळलं ते एकोणपन्नासच्या डिसेंबरात. तात्यांचे डोळे अधू झाले, म्हणून ते मंडळातून निघाले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. मी नवी कोरी टोपी घालून लालासाहेबांच्या बैठकीत गेलो. तबक आलं, तांब्या आला, उपरणं आलं. लालासाहेब गोष्टीवेल्हाळ माणूस. सुपारी कातरता कातरता हसत म्हणाले, 'मास्तर, तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. जरा बघून टाका. सत्तेचाळीस साली आमची भलतीच फजिती झाली होती. तांब्या उपडा केला तर तिन्ही लवंगाच.'

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, तिन्ही म्हणजे? तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मजा सांगावी तसं. सांगलीचा संघ जाणार हे तर ठरल्यासारखंच होतं. लालासाहेबांना वाटलं, बाकीचे दोघं सांगलीला टाकणारच, मग साताऱ्याला अगदीच भोपळा नको, पोरं नाउमेद होतील, निदान एक लवंग तरी असावी. म्हणून त्यांनी लवंग टाकली. गुप्ते मास्तरांनीही नेमका तोच विचार केला. आणि तात्या सोहोनींनीसुद्धा.

गुप्ते मास्तर समोरच बसले होते. ते खाली बघत म्हणाले की हो, तसंच झालं खरं. मी विचारलं, मग तिथल्या तिथं पुन्हा का नाही टाकलं? तर लालासाहेब म्हणाले, अहो, पुन्हा टाकायचं म्हणजे आधी कोणीतरी म्हणायला हवं ना, की माझी लवंग मनापासूनची नव्हती. कोण म्हणणार? तिघंही एकमेकांकडं बघत राहिलो. मग निकाल लिहिताना 'एकमताने' लिहिलं असतं तर तात्यांची अडचण झाली असती, त्यांच्याच पोरांनी त्यांना विचारलं असतं. म्हणून तात्यांच्याच सांगण्यावरून 'बहुमताने' लिहिलं.

तात्यांच्याच सांगण्यावरून.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तांब्यातले तांदूळ तबकात ओतले आणि माझी सुपारी सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवली. म्हटलं, माझं मत हे, आणि कारणं ही, आणि तुमचीही इथंच उघडी ठेवा, नाहीतर मी हा चाललो. लालासाहेबांना राग आला. मला रीतभात नाही, असं ते पुढं दहा वर्षं लोकांना सांगत होते. खुशाल सांगोत. त्या दिवशी मात्र तिघांनीही उघडं ठेवलं, आणि पाच मिनिटांत काम झालं. पाच मिनिटांचं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून, मिरजेला बदलून, मी सांगलीला तात्यांकडं गेलो. जळक्या घराच्या जागी त्यांनी दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. बायकोला चहा टाकायला सांगितला. मी उभ्या उभ्याच विचारलं, तात्या, सत्तेचाळीस साली तुम्ही काय टाकलं होतं?

त्यांचा चेहरा पडला. चष्मा काढून पुसला. मग हळूहळू सांगायला लागले. आपल्याच संघाला आपणच मत दिलं, असं दिसायला नको वाटलं. बाकीच्या दोघांची सुपारी नक्कीच धरली होती. तुमच्यावर माझा एवढा विश्वास होता सिद्धू, की माझ्या मताची तुम्हाला गरज आहे हेच माझ्या मनात आलं नाही. असं म्हणताना त्यांचे डोळे भरले. खरं सांगतो, एवढ्यापुरतं मी त्यांना माफही केलं असतं. चूक झाली. अशी चूक आपल्यातलाच माणूस करतो, भिडेनं, चांगुलपणानं.

पण मी गाडीतलं विचारलं. म्हटलं, सिकंदरनं तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, माझ्या नावामुळं झालं का म्हणून. तुम्ही काय बोललात?

'मी हो कुठं म्हणालो?' तात्या म्हणाले. 'मी कधीच हो म्हणालो नाही रे.'

'नाहीसुद्धा म्हणाला नाहीत.'

'नाही म्हटलं असतं, तर मग कशामुळं, हे सांगावं लागलं असतं.'

चहा आला होता. मी तो घेतला नाही. तात्या माझा हात धरून म्हणाले, जे झालं ते झालं, त्याला आता कळून काय उपयोग, उगाच त्याला वाईट वाटेल. पाच दिवस ज्याच्या घरात जेवले त्याला वाईट वाटू नये म्हणून हे! मी हात सोडवून घेतला आणि सांगितलं, मी आता तिकडंच निघालोय.

सिकंदर ओट्यावर कात्रीला धार लावत होता. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, तांब्या, तांदूळ, तिन्ही लवंगा, 'बहुमताने' कोणी लिहायला लावलं ते, आणि तात्या आत्ता काय म्हणाले तेही. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं चिडावं म्हणूनच मी आलो होतो, म्हणजे आम्ही दोघं मिळून तात्यांच्या दारात गेलो असतो. तो चाक थांबवून ऐकत राहिला.

'मंजी कुनाच्याच मनात काय न्हवतं,' तो म्हणाला.

'नव्हतं.'

'सातारवाल्याच्या न्हाई, वकिलाच्या न्हाई, कुनाच्याच.'

'कोणाच्याच नाही रे.'

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. त्याचा धाकटा भाऊ नियाज गेल्या वर्षी मॅट्रिक झाला होता, पहिल्या वर्गात. मला वाटत होतं त्याला शिकायचं नव्हतं म्हणून तो मुंबईला गेला. तसं नव्हतं. तात्या स्वतः कॉलेजचा अर्ज घेऊन ह्याच ओट्यावर आले होते. फी माफ करून घेण्याचं माझ्याकडं लागलं, असं म्हणाले होते, पूर्वी म्हणाले होते तसंच. नियाज नाव घालायला दौत घेऊन बसलासुद्धा होता.

'म्या त्येच्या हातातनं कागूद घेटला आनि फाडला,' सिकंदर म्हणाला. 'म्हनलं, आपल्या नावाचं तितं काय हुतंय त्ये म्या बघितलंय. तात्या समोर बसल्यालं. त्यास्नी ऐकू गेलं समदं. नियाज रडला. आता गोदीत पोती उचलतूया.'

बोळातून माणसं जात-येत होती. एकानं विळी आणून ठेवली, सिकंदरनं संध्याकाळी या म्हणून सांगितलं.

'सिद्धू, त्या लवंगेचं मला काय न्हाई गड्या,' तो म्हणाला. 'पडली आसंल चुकून. पर म्या इचारलं तवा निस्तं न्हाई म्हनायचं. फाडला तवा तरी म्हनायचं. येकदा न्हाई म्हनायला काय लागतंय रं?'